उशाचं लोखंड

बंदूक मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती बाळंतिणीच्या खोलीत. हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून, पाच दिवसांच्या लेकराच्या उशाशी ती भिंतीला टेकवून ठेवली होती.

मी नर्स होते. झरी आणि बोरीच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून कोसभर आत एक गाव आहे. तिथल्या उपकेंद्रावर माझी नेमणूक होती. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक कपाट, एक टेबल आणि मी. बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या, गोळ्या वाटायच्या आणि हे सगळं रजिस्टरात लिहायचं. माझी जीभ तेव्हाही तिखट होती. गावातल्या बायका म्हणायच्या, बाईची सुई परवडली पण बोलणं नको. मला ते ऐकून बरं वाटायचं, कारण दुसरं काही हत्यार माझ्याजवळ नव्हतं.

नामांतराची वर्षं होती. मराठवाड्याच्या विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून इथल्या गावागावात जे झालं ते मी सांगायला नको. परभणीहून आलेल्या नर्सला गावानं पहिल्या दिवशी नाव विचारलं, दुसऱ्या दिवशी आडनाव, आणि तिसऱ्या दिवसापासून काही विचारायचं राहिलं नाही. आमचं घर बौद्ध. गावात मोठ्या घरी बाळंतपणाला मला बोलवायचे, कारण बाळंतिणीच्या खोलीत तसाही विटाळच असतो. तिथे माझा हात चालायचा. बाहेर आल्यावर चहा यायचा तो वेगळ्या कपात. तो कप कुठल्या खुंटीला असतो हे मला घरच्या सुनांइतकंच ठाऊक होतं.

ज्या घराबद्दल सांगते आहे ते गावातलं जमीनदार घर. आबा म्हणजे घरचे मालक. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली ठासणीची बंदूक होती. त्यांची बायको, तिला सगळे आजी म्हणायचे, ती घर चालवायची. आणि त्यांची सून, जिचं पहिलं बाळंतपण मी केलं. सून वीसेक वर्षांची, अबोल, हसली की पदर तोंडावर घेणारी. कळा सोसताना तिनं माझं मनगट असं धरलं होतं की चार दिवस वळ राहिले.

पाचवीला मी टाके बघायला गेले तर आजी पूजा मांडून बसल्या होत्या. आमच्या भागात पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. ती येते आणि लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. तिच्यासोबत दुसरं काही बाहेरचं येऊ नये म्हणून बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात. गरिबाच्या घरी विळा असतो, कुणाकडे अडकित्ता. या घरी बंदूक होती. आबांच्या आईच्या काळापासून असंच चालत आलं होतं.

ठासणीची बंदूक म्हणजे काय ते मला नंतर कळलं. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायचे, मागे घोड्याखाली तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आदळला की बार. एकदा ठासली की ती रिकामी करायला एकच रस्ता, बार काढणे. शेतात रात्रभर राखण करून माणूस सकाळी घरी येतो, डुक्कर आलेलंच नसतं, मग बंदूक तशीच भरलेली घरी येते. उगाच बार कोण वाया घालवतो? ती भरलेलीच खुंटीला लागते, दुसऱ्या रात्री भरलेलीच शेतात जाते.

मी विचारलं, "आजी, ही भरलेली तर नाही ना?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बिनमिठाच्या भाजीचं कौतुक केलं. "भरलेलीच हाय की. रिकामं लोखंड कुणाला भ्यायला लावंल, बाई?"

"मग एक बार काढून रिकामी करा आणि ठेवा."

"अव्वा! ओल्या बाळंतिणीच्या घरात बार काढायचा? लेकरू दचकंल. बारा दिस घरात भांडं सुदिक आपटू देत न्हाई मी."

झालं. बाळाला दचकू द्यायचं नाही म्हणून बार काढायचा नाही, आणि बार काढायचा नाही म्हणून भरलेली बंदूक बाळाच्या उशाशी बारा दिवस ठेवायची. मी म्हटलं, निदान ती टोपी तरी काढून ठेवते, आणि हात पुढे केला.

"शिवू नका बाई," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पूजेतली हाय."

मी हात मागे घेतला. त्याच हातानं मी पाच दिवसांपूर्वी त्यांचं नातवंड या जगात ओढून आणलं होतं. पण लेकरू विटाळाचं आणि लोखंड पूजेचं. मला राग आला होता, आणि राग आला की माझी बोलती बंद होते अशा ज्या मोजक्या जागा आहेत, त्यातली ती एक. मी बॅग उचलली आणि घरी आले. हे मी लिहिते आहे कारण नंतर जे झालं त्यात माझाही वाटा आहे. अपमान गिळण्याच्या नादात मी टोपीही गिळली.

नवव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला बार झाला. सून न्हाणीला जायला उठली, तिच्या पदराचं टोक घोड्यात अडकलं आणि बंदूक भिंतीवरून घसरून जमिनीवर पडली. लेकरू बाजेवर होतं म्हणून वाचलं. बरेचसे छर्रे भिंतीत गेले आणि काही तिच्या पोटरीत. मी पोचले तेव्हा ती बाजेचा पाय धरून खाली बसली होती आणि रडत नव्हती. "लेकरू बगा, लेकरू बगा," एवढंच म्हणत होती. मी लेकरू तिच्या मांडीवर दिलं, तिचा पाय बांधला, आणि तेवढ्यात आबांनी जीप आणली. तिला परभणीला एका खाजगी डॉक्टरकडे नेलं, सरकारी दवाखान्यात नाही. सरकारी दवाखान्यात पोलीस विचारतात, आणि पोलिसांनी विचारलं की परवाना जातो.

दोन आठवड्यांनी ती परत आली, लंगडत. आबा स्वतः उपकेंद्रावर आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्या बुकात लिव्हायचं आसंल तर बैलानं मारलं म्हून लिव्हा. घरची अब्रू हाय. तुमी आमच्या घरच्यावानीच हाव."

घरच्यासारखी मी त्या दिवशी पहिल्यांदा झाले. आणि मी लिहिलं. इजेचं कारण: बैल. सूनबाईनंही तेच सांगितलं. तिला चालेल का, हे विचारलंच नव्हतं कुणी.

पुढे दोनेक वर्षांनी आमच्या आरोग्य केंद्रावर नवे डॉक्टर आले. साताऱ्याकडचे, तरुण, बारीक आणि हट्टी. आल्या आल्या त्यांनी सगळी जुनी रजिस्टरं काढली आणि वाचायला बसले. सरकारी रजिस्टर कुणी वाचतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते लिहायचं असतं एवढीच आमची समजूत.

एके दिवशी मी केंद्रावर असताना सून लेकराला ताप आला म्हणून तिथे आली. डॉक्टरांनी तिचं चालणं पाहिलं, पाय बघू म्हणाले. पोटरीवर बोट फिरवलं तर कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा कठीण गोळा हलला.

"काय झालं होतं?"

"बैलानं मारलं," ती म्हणाली, पाठ असल्यासारखं.

"अच्छा. आणि बैलाच्या शिंगात शिसं होतं का?"

तिनं पदर तोंडावर घेतला. हसू नव्हतं ते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. ती गेल्यावर मी सगळं सांगितलं, टोपीसकट. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हिवतापाचा पेशंट आला की आपण त्याला तू असं का वागलास म्हणून विचारतो का? डबकं कुठंय ते विचारतो. इथलं डबकं कुठंय?"

मी म्हटलं, "उशाला."

त्यांनी माझं रजिस्टर ओढलं आणि इजेच्या पानावर पट्टीनं तीन रेघा मारल्या. पहिला रकाना: कशानं. दुसरा: भरलेली होती का. तिसरा: कुठं ठेवली होती. म्हणाले, नाव विचारू नका, परवाना विचारू नका, चूक कुणाची ते तर अजिबात विचारू नका. लस टोचायला घरोघरी जाताच, जाता जाता हे तीन विचारा.

सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटला. दवाखान्याला बंदुकीचं काय? पण विचारत गेले तशा बायका बोलायला लागल्या. पुरुष नाही बोलले. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे रानडुक्कर आणि रुबाब, बस्स. बायकांना मात्र घरातली प्रत्येक खुंटी माहीत असते. एकीचा दीर लग्नाच्या वरातीत बार काढताना तळहात भाजून बसला होता. एकीच्या नवऱ्यानं राखणीच्या मचाणावरून उतरताना बंदूक आधी खाली सोडली होती, भरलेली. आसपासच्या चार गावांत मी जे जे लिहिलं त्यात रागानं झाडलेली एकही नव्हती. बहुतेक वेळा बंदूक भरून कुठेतरी टेकवलेली होती, आणि घरातलं कुणीतरी तिच्याजवळून गेलं होतं.

डॉक्टर तो कागद घेऊन खूश झाले. मी नाही झाले. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, एक रकाना कमी आहे."

"कुठला?"

"नुसती दाखवली."

त्यांना कळलं नाही. मग मी त्यांना माझ्या मामाची गोष्ट सांगितली. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराचा ठराव झाल्यावर जेव्हा गावं पेटली, तेव्हा मी परभणीत शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. एका सकाळी माझे मामा, मामी आणि तिघं लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या दारात आली. मामाच्या गावात घर जळालं नव्हतं, कुणाला मारलं नव्हतं. तिथल्या एका मोठ्या माणसानं सकाळी ओट्यावर खुर्ची टाकली, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि तो दिवसभर आमच्या वस्तीकडे तोंड करून बसला. बोलला काही नाही. दुपारी त्यानं तिथेच जेवण केलं. संध्याकाळपर्यंत वस्ती रिकामी झाली. मामा पुन्हा त्या गावात राहायला गेले नाहीत. परभणीत हमाली केली आणि तिथेच वारले. त्या दिवशी बार झालाच नाही, म्हणून तो दिवस कुठल्याच सरकारी कागदात नाही.

"म्हणून मी त्या दिवशी हात मागे घेतला," मी म्हणाले. हे मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आजी शिवू नका म्हणाल्या एवढंच कारण नव्हतं. मी त्या बंदुकीला भ्याले होते.

डॉक्टरांनी पट्टी घेतली आणि चौथी रेघ मारली.

तो कागद त्यांनी वर पाठवला. सोबत पत्र जोडलं: परवान्याचं नूतनीकरण करताना बंदूक रिकामी आणि टोपी वेगळी ठेवण्याची लेखी हमी घ्यावी, ज्या घरी बाळंतपण किंवा लहान लेकरं आहेत तिथली बंदूक काही काळ ठाण्यात ठेवण्याची सोय करावी. चार महिन्यांनी उत्तर आलं, हा विषय आरोग्य विभागाचा नाही, संबंधित विभागाशी संपर्क साधावा. संबंधित विभागाला लिहिलं तर त्यांनी विचारलं, इजा झाल्यात म्हणता तर तक्रारी का नाहीत? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तक्रारी नव्हत्या कारण सगळ्यांना बैलानंच मारलं होतं.

मला डॉक्टरांची दया आली आणि स्वतःचा संताप. ज्या कागदावर खरं असायला हवं होतं तिथे मी बैल बांधून ठेवला होता.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, तसा निघाला. ज्वारी हुरड्यात आली होती. आबा चावडीवर ओरडत होते, "डुकरं समदा हुरडा खातेत आन हे बंदुका जमा करा म्हणायलेत! डुकराला काय मतदान हाय का?" सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी बंदुका घेऊन ठाण्याला गेले.

ठाण्यातल्या हवालदाराचं म्हणणं साधं होतं. भरलेली बंदूक मी खोलीत ठेवणार नाही, आधी रिकामी करा. झालं, ठाण्यामागच्या नाल्याच्या काठाला तोंड करून एकेकानं बार काढला. मी त्या दिवशी जवळच्या वस्तीत डोस पाजत होते. पहिला बार झाला तशी आमच्या लोकांची दारं धडाधड लागली. एका म्हातारीनं मला दंडाला धरून आत ओढलं. नातवाला कुशीत घेऊन ती कोपऱ्यात बसली, आणि बार होत राहिले. मग कुणीतरी धावत आलं आणि सांगितलं, "काय न्हाई, बंदुका रिकाम्या करायलेत." म्हातारी आधी हसली, मग रडली. मग मला म्हणाली, "करू द्या बाई, समद्या रिकाम्या करू द्या."

घरी येताना मी विचार करत होते. दोन वर्षं मी आणि डॉक्टर जे हात जोडून मागत होतो, ते एका हवालदारानं एका दुपारी केलं होतं. त्यासाठी कुणाचं मन बदलावं लागलं नाही, कुणाला पाप लागलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही. बंदूक काही आठवडे घरात नसणार होती, इतकंच. त्या आठवड्यांत माझ्या पानावरचे चारही रकाने कोरे राहिले. डॉक्टरांनी ते पान मला उघडून दाखवलं, जसं कुणी पोराच्या परीक्षेचा निकाल दाखवतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. सरकारला हे येतं. सरकारनं ते मतासाठी केलं, आमच्यासाठी करायचं त्याला सुचलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सून दुसऱ्यांदा बाळंत झाली.

सातव्या महिन्यापासून ती माझ्याकडे यायची, तपासायला म्हणून, आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची. "बाई, माजं बाळतपण दवाखान्यात व्हईल का?" तपासणीत सगळं ठीक होतं, दवाखान्याची गरज नव्हती. शेवटी एकदा मी वैतागले, म्हटलं, अगं तुला झालंय तरी काय? तेव्हा ती म्हणाली, "मला त्या खोलीत निजायचं न्हाई. त्या भिंतीत आजून छर्रे हायेत. त्येच्याकडं तोंड केलं तरी भ्या वाटतं आन पाट केली तरी भ्या वाटतं. आन पाचवीला ती परत उशाला यील." मी तिला म्हटलं, येणार नाही. कशाच्या बळावर म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. पण म्हटलं खरं.

लेकरू झालं तेव्हा बंदूक ठाण्यात होती. मला हायसं वाटलं. पण चौथ्या दिवशी मतमोजणी उरकली आणि निरोप आला की बंदुका उद्यापासून घेऊन जा. उद्या म्हणजे पाचवी.

सकाळी मी गेले तेव्हा आबा पहिल्या गाडीनं ठाण्याला गेलेले होते. आजी पूजेची तयारी करत होत्या. उशाजवळची जागा सारवून, रांगोळी घालून रिकामी ठेवली होती. सून भिंतीकडे पाठ करून पडली होती आणि लेकरू तिनं पोटाशी असं धरलं होतं की मला ते सोडवून घ्यायला दोन वेळा सांगावं लागलं.

या वेळी माझी बोलती बंद झाली नाही. मी म्हटलं, "आजी, मागच्या खेपेला त्या लोखंडानं कुणाला भ्यायला लावलं? सटवाईला की सुनेला?"

आजींनी हातातली वात खाली ठेवली. मला वाटलं आता बाहेरचा रस्ता दाखवतात. दाखवला असता तर मी गेले असते आणि नोकरीचं जे व्हायचं ते झालं असतं, पण बोलून गेले असते.

"मलाबी दिसतंय बाई, ती कशी चालती ते," त्या म्हणाल्या. "रोज दिसतंय. पर उशाला लोखंड न्हाई ठिवलं आन लेकराला काय झालं म्हंजी? माजी दोन गेली हायेत पाचवीच्या आत. तवा आमच्याकडं बंदूक सावकारीत आडकली व्हती. विळा ठिवला व्हता. विळ्यानं न्हाई भागलं."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात जात होते आणि त्यांच्या दोन गेलेल्या लेकरांचं मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. पाच दिवसांच्या आत जी लेकरं जातात ती बहुतेक कशानं जातात ते मला शिकवलेलं होतं: धनुर्वातानं. नाळ कशानं कापली होती, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कशानं म्हंजी? विळ्यानंच."

मी बॅग उघडली. नाळ कापायची कात्री काढली. सरकारी, स्टीलची, दांडीवर नंबर टोचलेली. म्हटलं, "आजी, तुमची दोन गेली ती विळ्यानंच गेली. तो विळा उकळलेला नव्हता. ही कात्री मी वीस मिनिटं उकळते आणि मग नाळ कापते. हिनं तुमची दोन्ही नातवंडं सोडवली. पहिलं पाचवी ओलांडून चार वर्षांचं झालं, हेही आज ओलांडतंय. लोखंडच पाहिजे ना? हे घ्या."

मी बौद्ध. सटवाईवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कपाळावर कुणी काही लिहून जात असेल तर आमच्या कपाळांवर लिहिणाऱ्याला मला दोन शब्द सुनवायचे आहेत. माझ्या आईनं मला पूजेसाठी सरकारी कात्री पुढे करताना पाहिलं असतं तर घरातून काढलं असतं. पण सून माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला येणार नाही असं म्हटलं होतं.

आजींनी खूप वेळ कात्रीकडे पाहिलं. मी ती खाली ठेवायला वाकले, कारण अशा घरांत वस्तू हातातून हातात द्यायची नसते, खाली ठेवायची आणि मग त्यांनी उचलायची. एवढी सवय हाताला झालेलीच होती. आजींनी हात पुढे केला. माझ्या हातातून त्यांनी ती घेतली. त्यांची बोटं गार होती आणि तेलकट. त्यांनी कात्रीला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि सुनेच्या उशाखाली सरकवली. सून कुशीवर वळली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दिवेलागणीला आबा बंदूक खांद्याला लावून आले. मी तेव्हा तिथेच होते, मुद्दाम रेंगाळले होते. आजी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "आत आणू नका. गोठ्यात ठिवा. आन टोप्याची डबी हिकडं द्या."

"आगं, पाचवी हाय ना?"

"झाली पाचवी. द्या."

आबांनी एकदा आजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खिशातून पत्र्याची डबी काढून दिली. आजींनी ती किल्ल्यांच्या जुडग्यासोबत कमरेला खोचली. त्यानंतर मी त्या गावात होते तोवर ती डबी तिथून हलली नाही. आबांना शेतावर जाताना टोपी मागून घ्यावी लागायची, आणि सकाळी परत केल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

इकडे दोन दिवसांनी महिनाअखेरीचं सामान मोजताना डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एक कात्री कमी आहे."

"पूजेत आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुढचं मोजायला लागले.

बाराव्या दिवशी सून स्वतः उपकेंद्रावर आली, लेकरू कडेवर घेऊन, लंगडत, कात्री परत द्यायला. ती धुऊन, नव्या खणात गुंडाळून आणली होती. टेबलापाशी उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

"बाई, त्या बुकात माजं बैल लिव्हलाव ना?"

मी हो म्हटलं.

"खोडा. बैल गरीब व्हता आमचा. त्यानं कुनाला मारलं न्हाई."

मी म्हटलं, सरकारी रजिस्टर आहे, खोडता येत नाही. हे माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच ऐकवेना. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. चार वर्षांपूर्वीचं पान. त्यावर रकाने नव्हते, एक ओळ होती फक्त, माझ्याच अक्षरात. मी 'बैल'वर एक रेघ मारली, बाजूला सही केली, आणि खाली तीन शब्द लिहिले. बंदूक. भरलेली. उशाला.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं लेकरू डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "ह्येच्यात बंदूक कुठली?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. तिनं ते बराच वेळ तिथून उचललं नाही.